छत्तीसची गोटी आणि छत्तीसचा आकडा

मंडळी, या शनिवारी कोड नाही, पिक्चर नाही, राजकारण तर नाहीच नाही. या शनिवारी लोखंड.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना बाह्या सरसावायला वेळ मिळेल. वर्षातून एखाद-दोनदा लागणारं मोठं सॉकेट, म्हणजे २७, ३०, ३२, ३६ मिलिमीटरच्या घरातलं, गॅरेजवाले ज्याला सरळ 'गोटी' म्हणतात ते, स्वस्तातलं घ्यावं. सुटं घ्यावं. काळं घ्यावं. आणि वाचलेले पैसे दांड्यात घालावेत. बास. ज्यांना हे लगेच पटलं त्यांनी खुशाल चहा टाकायला जावं. बाकीच्यांसाठी पुढचा मजकूर.

आता यात भांडण कुठे आलं? तर आपल्यासारख्या हापिसात बसून कळफलक बडवणार्‍या, पण सुट्टीच्या दिवशी गाडीखाली सरपटायची हौस असलेल्या लोकांत या विषयावर तीन पंथ आहेत, आणि तिघांशीही माझा छत्तीसचा आकडा आहे. पहिला ब्रीफकेस पंथ. दुसरा 'घ्यायचं तर बेस्टच' पंथ. तिसरा छिन्नी-हातोडा पंथ. एकेकाला घेतो.

ब्रीफकेस पंथ

हे लोक तुम्हाला ऑनलाईन दुकानातली ती निळी किंवा लाल पेटी दाखवतात. १०८ पीस! केवढं सेव्हिंग! जरा पेटी उघडून मोजा की राव. त्या १०८ मध्ये स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला लावायचे चिमुकले बिट किती, पाव इंची बारक्या गोट्या किती, आणि तुम्हाला ज्या कामासाठी पेटी हवी होती त्या मोठ्या गोट्या किती? बहुतेक अर्ध्या इंची संच ३२ ला संपतात. म्हणजे ३६ चा नट समोर आला की १०८ तुकडे जवळ असून तुम्ही कोरडेच.

बरं, ती ३२ ची गोटी असते तरी कशी? चकचकीत क्रोमची, बर्‍याचदा आतून बारा कोनांची, आणि अर्ध्या इंची चौकोनाची. म्हणजे मोठ्या कामासाठी नको असलेल्या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत. का नकोत ते पुढे येतंय.

गंमत म्हणजे सुट्या गोट्यांची कल्पनाच मुळी पेटीच्या विरोधातली आहे. १९२० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये जोसेफ जॉन्सन आणि विल्यम साइडमन यांनी स्नॅप-ऑन काढली, ती एका साध्या कल्पनेवर: पाच दांडे आणि दहा गोट्या, हव्या तशा जोडायच्या आणि पन्नास पान्यांचं काम करायचं. त्याआधी बहुतेक अखंड पाने असायचे, प्रत्येक मापाला वेगळा दांडा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी मोनोलिथ फोडून मॉड्यूल केले. दांडा वेगळा, गोटी वेगळी, मधला इंटरफेस ठरलेला. आज शंभर वर्षांनी आपण काय करतो? ते मॉड्यूल परत एका प्लॅस्टिकच्या पेटीत कोंबतो आणि अख्खी पेटी विकत घेतो, कारण त्यातला एक तुकडा हवा असतो. अहो, एक फंक्शन हवं म्हणून अख्खं फ्रेमवर्क ओढणार्‍या पोराला आपणच कोड रिव्ह्यूत झापतो ना?

'घ्यायचं तर बेस्टच' पंथ

हा पंथ जास्त सुशिक्षित. यांचं म्हणणं: स्वस्त घेणारा दोनदा घेतो, हत्यार म्हणजे आयुष्यभराची गुंतवणूक, जर्मन किंवा अमेरिकन घे आणि विसरून जा. ऐकायला झकास. पण हा सल्ला मुळात कोणासाठी होता? रोज दहा तास हत्यार हातात धरून पोट भरणार्‍या माणसासाठी. त्याची गोटी दिवसाला पन्नास नट फिरवते. तुमची ३६ ची गोटी पाच वर्षांत चार नट फिरवणार, आणि उरलेला वेळ माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाशेजारी पडून राहणार. तिची आजन्म वॉरंटी कोण वापरणार, नातू?

पण खर्चाचा मुद्दा सोडा. खरा मुद्दा यांत्रिकीचा आहे, आणि तो या पंथाला उलटाच कळलाय. त्यांना वाटतं काम जेवढं जड तेवढी गोटी भारी हवी. प्रत्यक्षात गोटी जेवढी मोठी तेवढं तिच्यावर संकट कमी!

शाळेतलं समीकरण आठवा. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. समजा नटाला ३०० न्यूटन-मीटर हवेत. १७ च्या गोटीवर ते टाकले तर नटाच्या कडांवर जेवढा जोर येईल, त्याच्या निम्म्याहून कमी जोर ३६ च्या गोटीवर येतो, कारण कडा मध्यापासून दुपटीहून लांब आहेत. त्यात मोठ्या गोटीची भिंत जाड. म्हणून साध्या पोलादाची, बर्‍या उष्णता-प्रक्रियेची मोठी गोटीसुद्धा हे काम निमूटपणे करते. छोट्या मापांत उलटी परिस्थिती असते. १० ची गोटी पातळ भिंतीची, नट नाजूक, जागा अडचणीची. तिथे जरूर चांगलं घ्या. १०, १२, १४ रोज लागतात. तिथे बेस्टवाल्यांशी माझी युती आहे.

मग मोठ्या कामात तुटतं काय? तुटतो तो चौकोन. दांडा जिथे गोटीत शिरतो तो.

आता हिशोब बघा. चौकोनी दांड्याची पिळाला तोंड द्यायची ताकद बाजूच्या घनात वाढते. अर्ध्या इंचावरून पाऊण इंचावर गेलात तर बाजू दीडपट, आणि ताकद दीडचा घन, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. अर्ध्यावरून एक इंचावर गेलात तर थेट आठपट. म्हणजे अर्ध्या इंची दांड्यात भारी कंपनीचं पोलाद घालून तुम्ही जी काही टक्केवारी वाढवाल, त्यापेक्षा पाऊण इंचावर उडी मारण्यात कितीतरी जास्त आहे, आणि तीही स्वस्तात. अल्गोरिदम बदला, मग प्रोसेसरच्या मागे लागा, हे ज्यांना हापिसात कळतं त्यांना दुकानात का कळत नाही देव जाणे.

आकड्यांत बघू. जुन्या फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण जगभरच्या हौशी लोकांना पाठ आहे: मागच्या चाकाचा नट ३६ मिलिमीटरचा, आवळायचा २१७ फूट-पौंडाला, म्हणजे सुमारे २९४ न्यूटन-मीटर. ७० किलोच्या माणसाने मध्यापासून ४३ सेंटिमीटरवर पूर्ण वजन टाकलं की हे होतं. पण हा झाला आवळायचा आकडा. वर्षानुवर्षं गंजलेला नट सोडवायला दुप्पटही लागू शकतं. दुप्पट म्हणजे ६०० च्या जवळ, म्हणजे तोच माणूस जवळपास तीन फुटांवर. अर्ध्या इंची चौकोनाला एवढं मागणं हा अन्याय आहे. पाऊण इंचीला ते रोजचं काम. ट्रकच्या चाकांचे नट साधारण ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, आणि तिथे पाऊण आणि एक इंची दांडेच दिसतात ते उगाच नाही.

आणि हो, 'अर्धा इंची दांडा आहे, पाऊणचा अडॅप्टर लावतो' म्हणणार्‍यांनो, साखळीतली सर्वात कच्ची कडी तीच राहते. अडॅप्टरने कडी बदलत नाही, फक्त एक वाढते.

छिन्नी-हातोडा पंथ

हा सर्वात जुना आणि सर्वात धोकादायक. 'एवढ्याशा कामाला गोटी कशाला, दोन ठोके घातले की सुटतो.' यांना हसून सोडून देता आलं असतं, पण माझ्या गाडीने याची किंमत मोजलीय, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या गाडीचं पुढचं डावं बेअरिंग घूंऽऽ असा आवाज करायला लागलं. एका गॅरेजात टाकली, नवं बेअरिंग बसवून आलं, पैसे दिले. वर्ष व्हायच्या आत तोच आवाज, तीच बाजू. या वेळी दुसर्‍या मेकॅनिककडे गेलो. त्याने मधलं झाकण काढलं आणि मला बोलावून दाखवलं: ऍक्सल नटाच्या सहाही कोनांवर छिन्नीचे घाव. गोटी लागलेलीच नव्हती. ठोकून सोडवलेला, ठोकूनच आवळलेला.

आता याने काय होतं? बर्‍याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो नट फक्त ऍक्सल पडू नये म्हणून नसतो. बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींवर दाबून धरायचं काम तोच करतो. तो ठरलेल्या टॉर्कला आवळला नाही तर कड्या सुट्या होतात, बेअरिंग डुलतं आणि मरतं. म्हणून तर काही कंपन्या तो नट परत वापरू नका, नवाच लावा असं सांगतात. आणि बेअरिंग मरताना तुम्ही शंभरच्या वेगाने द्रुतगती मार्गावर असाल की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हे ते विचारत नाही. मागच्या सीटवर माझी चार वर्षांची मुलगी बसते. त्यामुळे काही शे रुपयांच्या गोटीऐवजी छिन्नी उचलणारा माणूस मला 'जुगाडू' वाटत नाही. मला त्याचा राग येतो.

पण हेही लक्षात घ्या, की हा पंथ जन्माला कोण घालतं? वरचे दोन पंथच! दुकानात एकीकडे १०८ ची पेटी आणि दुसरीकडे सोन्याच्या भावाचा परदेशी माल, एवढेच दोन पर्याय आहेत असं सांगितलं, की ज्याला एकच नट सोडवायचाय तो मुकाट्याने हातोडा उचलतो. 'बेस्टच घे'चा उपदेश करणार्‍याच्या पदरात छिन्नीचे हे घावही घालायला हवेत.

मग स्वस्तातलं घ्यायचं कसं?

स्वस्त म्हणजे डोळे मिटून नव्हे. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, किंवा तुमच्या गावातलं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. तिथे जाऊन गोटी हातात घ्या. हे बघा:

१. सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी नटाच्या टोकांजवळ पकडते. नट गंजून गोल झाला असेल तर घसरते. सहा कोनीची पकड सपाट बाजूंवर. बारा कोनीचा फायदा अरुंद जागेत, आणि मोठ्या नटाला सहसा ती अडचण नसते.

२. काळी घ्या, म्हणजे इम्पॅक्टची. क्रोम-मॉलिब्डेनमची असते, भिंत जाड, जरा चिवट. क्रोमची चकचकीत गोटी कडक पण ठिसूळ. हातोडा किंवा इम्पॅक्ट गनचा मार बसला तर तिची कपची उडू शकते, आणि वरचा क्रोम सुटला तर ब्लेडसारखा हात कापतो. काळी गोटी हाताच्या दांड्यावर बिनधास्त चालते. उलटं मात्र चालत नाही.

३. गोटीवर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलंय म्हणून हुरळू नका. कोरायला काय जातंय. आणि खरं असलं तरी ते फक्त मिश्रधातूचं नाव आहे, उष्णता-प्रक्रिया कशी केली ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा व्हर्नियर न्या आणि समोरासमोरच्या बाजूंतलं अंतर तिन्ही जोड्यांचं मोजा. तिन्ही आकडे सारखे आणि मापापेक्षा किंचित जास्त हवेत. एक जोडी वेगळी निघाली तर गोटी दुकानदाराला परत.

४. चौकोनात दांडा घालून हलवा. खुळखुळा वाजला तर नको.

५. खोली बघा. ऍक्सलचं टोक नटाच्या बाहेर बरंच आलेलं असतं. उथळ गोटी त्याच्यावर टेकून अर्धवट बसते आणि मग सटकते.

६. पातळ नट असेल तर गोटीच्या तोंडाशी आतून जो उतार दिलेला असतो तो शत्रू. नट त्या उतारातच बसतो आणि पकड मिळत नाही. उपाय जुना आहे: गोटीचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासून घ्यायचं. आता सांगा, आजन्म वॉरंटीच्या परदेशी गोटीला ग्राइंडर लावायला तुमचा हात धजेल? स्वस्त गोटीला बिनदिक्कत लावता येतो. हा माझा आवडता मुद्दा आहे, आणि बेस्टवाल्यांकडून याला अजून उत्तर आलेलं नाही :)

७. इंची मापांना घाबरू नका, पण आकडेमोड करा. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. त्या नटावर ३२ ची गोटी पाव मिलिमीटर सैल, चालून जाते. पण एक पूर्णांक सात सोळांश इंच म्हणजे साडेछत्तीस. त्यावर ३६ ची चढणारच नाही, ठोकून चढवू नका.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत?

दांडा. पाऊण इंची सरकता टी-बार घ्या, किंवा लांब ब्रेकर बार. टी-बारमध्ये फिरणारा भाग एकही नाही, बिघडायला काही नाहीच. आणि रॅचेट घेऊ नका! स्वस्त रॅचेटचे दात ऐन जोरात सुटतात आणि तुमची बोटं मडगार्डवर आदळतात. सैल करायला दांडा, सैल झाल्यावर हात. रॅचेटची कटकटकट ऐकायची हौस असेल तर सायकल चालवा.

चष्मा आणि स्टँड. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणार्‍याला सॉकेटवर सल्ला द्यायची माझी इच्छा नाही. ऍक्सल नटाला पहिला हिसका गाडी जमिनीवर असतानाच द्यायचा: गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, चाकांना ओट लावून, नटाचं मुडपलेलं ओठ आधी नीट उघडून. नट जेमतेम सैल झाला की थांबायचं, मग गाडी उचलायची. सैल नटावर गाडी ढकलत नेऊ नका, बेअरिंगची वाट लागते.

टॉर्क रेंच. हा महाग, आणि मोठ्या मापाचा आणखी महाग. तो विकत घ्याच असं म्हणत नाही. पण शेवटचा आवळा त्यानेच द्यायचा. ओळखीच्या गॅरेजातून मागून आणा, भाड्याने आणा, मेकॅनिकला घरी बोलावून तेवढ्याचे पैसे द्या. अंदाजपंचे नको.

आणि विकत तरी का घ्यायचं?

अमेरिकेतल्या आपल्या मित्रांना ही अडचण कमी जाणवते. तिथे ऑटोझोनसारख्या दुकानात अनामत भरून ऍक्सल नटाच्या गोट्यांचा संच घरी नेता येतो, आणि परत केला की पूर्ण पैसे परत. तिथल्या भाड्याच्या नाही, स्वतःच्या घरात राहणार्‍यांना गिझरचा ऍनोड रॉड काढायला एक पूर्णांक एक सोळांश इंचाची गोटी आयुष्यात दोन-चारदाच लागते. ती विकत घेऊन जपत बसण्यापेक्षा शेजार्‍याकडून मागून आणण्यात शहाणपण आहे, हे तिथे गेलेला आपला माणूस पटकन शिकतो.

आपल्याकडे तसं दुकान नाही म्हणून रडत बसायची गरज नाही. आपल्या सोसायटीत गणपतीचं मखर वर्गणीतून येतं, सतरंज्या सामाईक असतात, शिडी वॉचमनच्या खोलीत असते आणि तिच्यावर सगळ्यांचा हक्क असतो. मग २७, ३०, ३२, ३६ अशा चार काळ्या गोट्या, एक पाऊण इंची टी-बार आणि दोन स्टँड का नकोत? वीस गाड्यांच्या सोसायटीत माणशी खर्च एका पिझ्झाहून जास्त होणार नाही. वहीत नाव लिहायचं, न्यायचं, पुसून परत ठेवायचं. सेक्रेटरी काका 'कोणी हरवलं तर?' विचारतील. हरवली तर एक सुटी गोटी परत आणायची. सुटी घेण्याचा हाही फायदा. १०८ च्या पेटीतली एक हरवली की आयुष्यभर ती रिकामी खाच बघत बसावं लागतं.

'बेस्ट' हा शब्द कामाशिवाय वापरला की तो निव्वळ जाहिरात होतो, एवढं माझं म्हणणं आहे. वर्षातून एकदा लागणार्‍या वस्तूत बेस्ट म्हणजे: मापाला बरोबर, पुरेशी जाड, तुटली तर डोळ्यात न उडणारी, आणि खिशाला एवढी हलकी की तिच्या अभावी कोणी छिन्नी उचलणार नाही.

तेव्हा ती १०८ ची पेटी कार्टमधून आधी काढा बघू. आणि उद्या रविवार आहे. गाडीचं मॅन्युअल उघडा, ऍक्सल नटाचं माप आणि टॉर्क एका कागदावर लिहा आणि तो कागद डिकीत ठेवा. त्याला तर एक पैसासुद्धा पडत नाही.